पॉक्सोतल्या किमान शिक्षेवर वादविवाद कसा उभा करावा

पॉक्सो म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. वादविवाद स्पर्धेत त्यातल्या किमान शिक्षेचा विषय आला की पहिल्या पाच मिनिटांत काय होणार ते ठरलेलं असतं. एक वक्ता "नराधमांना भर चौकात फाशी" म्हणून टाळ्या घेतो. दुसरा आपण गुन्हेगारांचे कैवारी नाही, हे पटवून देण्यात वेळ घालवतो. कलमांपर्यंत कुणी पोचतच नाही. मुद्दा मात्र अगदी अरुंद आहे. किमान शिक्षा कायद्यात लिहून न्यायाधीशाच्या हातातला निर्णय काढून घेतला, तर तो निर्णय जातो कुठे? नाहीसा तर होत नाही. कधी तो ठाण्यात कलमं लावणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो, कधी फितूर होणाऱ्या साक्षीदाराकडे, तर कधी कलमाचा अर्थच आवळून लावणाऱ्या कोर्टाकडे. दोन्ही भाषणं या एका प्रश्नाभोवती बांधली की विषय आपोआप ताळ्यावर येतो.

पुढची तयारी मुंबईतल्या कॉलेजांच्या मराठी वादविवाद मंडळांना डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. संघात दोन वक्ते, एक बाजूने आणि एक विरोधात. भाषणाला सात मिनिटं, खंडनाला तीन.

ठराव

"बालकांवर अत्याचार करणाऱ्यांना दया दाखवावी का?" असा ठराव देऊ नका. उत्तर प्रश्नातच आहे. "किमान शिक्षा रद्द करावी" हाही फार ढिला. त्यात फाशी, जामीन, संमतीचं वय सगळं घुसतं. चालण्यासारखा मसुदा असा:

"पॉक्सो कायद्याच्या कलम ४, ६, ८ आणि १० मधल्या किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला, लेखी कारणं नोंदवण्याच्या अटीवर, असावा असं या सभेचं मत आहे."

यात कमाल शिक्षेला हात लागत नाही. आरोपी दोषी ठरल्यानंतरचाच प्रश्न उरतो, म्हणजे "खोट्या तक्रारी" हा मुद्दा बाहेर जातो. आणि न्यायाधीशाला मोकळीक कशी आणि किती, हे ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्याला सांगावंच लागतं. आयोजकांनी ठराव किमान दहा दिवस आधी द्यावा. हा विषय तासाभराच्या तयारीवर बोलायला लावला की वक्ते घोषणांवर उतरतात.

कलमांची शिडी पाठ हवी

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, आणि १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती त्यात बालक आहे, मुलगाही, मुलगीही. (अकरावी-बारावीचे बहुतेक स्पर्धक कायद्याच्या लेखी स्वतःच बालक असतात, हे आयोजकांनी विसरू नये.)

लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा लैंगिक हल्ला. कलम ८ खाली त्याला ३ ते ५ वर्षं. तोच गुन्हा गंभीर परिस्थितीत घडला तर कलम १० खाली ५ ते ७. प्रवेशी (शरीरात प्रवेश करून केलेल्या) लैंगिक हल्ल्याला कलम ४ लागतं. मुळात तिथे किमान शिक्षा ७ वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती १० झाली आणि बालक १६ वर्षांखालचं असेल तर २०. त्याचं गंभीर रूप कलम ६ मध्ये येतं. तिथे किमान १० ची २० वर्षं झाली, वर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. ही दुरुस्ती १६ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाली. घटना त्याआधीची असेल तर जुनीच शिक्षा लागते. २०२० नंतरचा निकाल दाखवून "बघा, दहाच वर्षं दिली" म्हणणारा वक्ता इथे पडतो. छेडछाड किंवा अश्लील मेसेज यांसारख्या लैंगिक छळाला कलम १२ आहे. त्यात कमाल ३ वर्षं आहेत, किमान काहीच नाही. म्हणजे किमान शिक्षा सगळ्या कायद्यात पसरलेली नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

"गंभीर" म्हणजे काय, ते कलम ५ आणि ९ मध्ये आहे. पोलीस, शाळा-वसतिगृहातले कर्मचारी, नातेवाईक, सामूहिक कृत्य, १२ वर्षांखालचं बालक हे बहुतेकांना माहीत असतं. पण "एकापेक्षा जास्त वेळा" आणि "गरोदरपण" हेही त्याच यादीत आहेत. अर्थ असा की साडेसतरा वर्षांची मुलगी आणि १९ वर्षांचा मुलगा यांचे स्वखुशीने दोनदा संबंध आले, तर कागदावर प्रकरण थेट कलम ६ मध्ये जातं आणि किमान शिक्षा २० वर्षं. ठरावाच्या बाजूने याहून धारदार उदाहरण नाही. विरोधातल्या वक्त्याने त्याचं उत्तर घरूनच तयार करून आणावं.

भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली. तिच्या कलम ६५ मध्ये १६ वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला किमान २० वर्षं आहेत. दोन्ही कायदे लागू होत असतील तर पॉक्सोच्या कलम ४२ नुसार जी शिक्षा जास्त ती द्यायची.

ठरावाच्या बाजूने

पहिला युक्तिवाद "कडक शिक्षेने पुरावाही कडक मागितला जातो" हा ठेवा. त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यावरून केलेला स्पर्श म्हणजे कलम ७ चा लैंगिक हल्ला नव्हे, असं धरलं. कलम ८ ची तीन वर्षं टळली. भारतीय दंड विधानाच्या कलम ३५४ खाली एक वर्ष उरलं. शिक्षा कडक आहे म्हणून पुरावाही तेवढाच काटेकोर हवा, हा विचार त्या निकालात उघड लिहिलेला होता. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. वक्त्याने इथे थांबून विचारावं: शिक्षेत मोकळीक असती, तर गुन्ह्याची व्याख्याच कापायची गरज पडली असती का? निकाल बरोबर होता असं चुकूनही म्हणू नका. तो चुकीचाच होता. तुमचा मुद्दा तो का झाला, एवढाच आहे.

दुसरा आधार किशोरवयीन प्रकरणांचा. एनफोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल तपासले. त्यांतले १,७१५, म्हणजे २४.३ टक्के, प्रेमसंबंधांतले निघाले. विधी आयोगाने २८३ व्या अहवालात (सप्टेंबर २०२३) संमतीचं वय १८ वरून खाली आणायला नकार दिला, पण १६ ते १८ वयोगटात मुलीची मूक संमती दिसत असेल तर शिक्षेत मार्गदर्शित मोकळीक असावी अशी शिफारस केली. हा अहवाल तुमचा सगळ्यात भक्कम आधार. तो हळवा नाही, आणि वय खाली आणायचा आरोप तुमच्यावर येऊ देत नाही.

मग २३ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात दोष कायम ठेवूनही न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली (पूर्ण न्याय करण्यासाठी फक्त सर्वोच्च न्यायालयाला असलेला खास अधिकार) शिक्षा दिली नाही. घटना घडली तेव्हा १४ वर्षांची असलेली ती मुलगी आता सज्ञान होती, त्याच माणसाबरोबर संसार करत होती, आणि पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनीच तिला जास्त सोसावं लागलं, असं न्यायालयाला दिसलं. दिंडोशीच्या किंवा काळा घोड्याच्या सत्र न्यायाधीशाकडे अनुच्छेद १४२ नसतो. दिल्लीपर्यंत पोचण्याची ऐपत असेल त्यालाच मोकळीक, असा कायदा झाला आहे, हे वाक्य इथे बसतं.

फारसं कुणी न वापरणारं एक हत्यारही आहे. बाल न्याय कायद्यात "घृणास्पद गुन्हा" म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे असा गुन्हा. नुसती कमाल शिक्षा मोठी असून भागत नाही, किमानच बघायची, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणून कलम ४ किंवा ६ लागलं की १६-१७ वर्षांच्या मुलावर प्रौढांसारखा खटला चालवण्याचं दार उघडतं. किमान शिक्षेचा आकडा निव्वळ शिक्षा ठरवत नाही, खटला कुठे चालेल हेही ठरवतो.

आता मॉडेल, म्हणजे ही मोकळीक नेमकी कशी चालेल याचा आराखडा. "न्यायाधीशांवर विश्वास ठेवा" एवढ्यावर सोडलंत तर हरलात. मोकळीक बंदिस्त ठेवा: बालक १६ च्या वर, वयातलं अंतर थोडं, जबरदस्ती, धाक, फसवणूक किंवा अधिकाराचं नातं नाही, बालकाचं म्हणणं स्वतंत्र व्यक्तीमार्फत ऐकलेलं, कारणं लेखी, आणि सरकारला अपिलाचा हक्क. नात्यातला माणूस, शिक्षक, पोलीस यांना ही सवलत कधीच नाही, हे स्वतःहून जाहीर करा. विरोधकांची निम्मी उदाहरणं तिथेच निकामी होतात.

ठरावाच्या विरोधात

विरोधातल्या वक्त्याकडे इतिहास आहे, आणि तो बहुतेक वेळा वापरलाच जात नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराचं १९७२ चं प्रकरण, त्या पोलिसांची १९७८ ची निर्दोष मुक्तता, १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र, त्यानंतर १९८० मध्ये मुंबईत उभं राहिलेलं फोरम अगेन्स्ट रेप; या रेट्यातून १९८३ ची दुरुस्ती आली. बलात्काराला किमान ७ वर्षं झाली, पण "पुरेशी आणि विशेष कारणं" लिहून कमी करण्याची मुभा ठेवली. म्हणजे आजचा ठराव जे मागतो ते या देशात तीस वर्षं चालू होतं. काय झालं? २०११ मध्ये बलदेव सिंग विरुद्ध पंजाब या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात, तडजोड झाली म्हणून, भोगलेल्या साधारण साडेतीन वर्षांवरच सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. ते प्रकरण बालकाचं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगा. सांगितलं नाहीत तर खंडनात तेच उलटेल. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये, ही मुभा काढून टाकली.

या मोकळीकीचा फायदा कुणाला होतो, यावर जोर द्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत पॉक्सोच्या बलात्कार प्रकरणांतला आरोपी बालकाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण दरवर्षी ९० टक्क्यांच्या वर असतं. ओळखीचा म्हणजे काका, शेजारी, शिकवणीचा सर, चाळीतला दादा. अशा घरात "लेखी विशेष कारण" तयार करायला वेळ लागत नाही: घराची अब्रू, कमावता एकच माणूस, "झालं गेलं विसरून जाऊ". किमान शिक्षा असली की तडजोडीच्या बैठकीत देण्यासारखं काही उरत नाही. हा या बाजूचा कणा.

आणि किमान शिक्षा असूनही कोर्टं निसटतात, तर मुभा दिल्यावर काय होईल? जुलै २०२३ चा उत्तर प्रदेश विरुद्ध सोनू कुशवाहा हा निकाल इथे वापरा. प्रकरण कलम ६ चं असताना अलाहाबाद उच्च न्यायालयाने कलम ४ लावून शिक्षा १० वरून ७ वर्षांवर आणली. "यापेक्षा कमी नाही" असे शब्द असताना कोर्टाला कमी करता येत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १० वर्षं परत आणली. कमी केलेली शिक्षा अपिलात दुरुस्त करता आली ती कायद्यात स्पष्ट रेषा होती म्हणून.

१९ वर्षांच्या मुलाच्या उदाहरणाला उत्तर देताना ते नाकारू नका. म्हणा: ही अडचण कलम ५ च्या यादीतली आणि वयाच्या व्याख्येतली आहे, तिथे दुरुस्ती करा. चार टक्के दुखण्यासाठी सगळ्या अंगाला औषध चोपडू नका... असं म्हणाल तर आकडा चुकेल, कारण समोर २४.३ टक्के बसलेले आहेत. आकड्याशिवाय बोला.

२०२५ चा आदेश विरोधकांनाही उपयोगी आहे. मुलीला वेळेवर आधार, माहिती, पर्याय काहीच मिळालं नाही, यंत्रणेने तिला वाऱ्यावर सोडलं, हेही न्यायालयाने त्यात नोंदवलं. अशा मुलीने दिलेल्या "माफी"ला शिक्षा कमी करण्याचं कारण मानायचं का?

आकडे हाताळताना

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसीच्या २०२२ च्या अभ्यासात निकाली निघालेल्या पॉक्सो प्रकरणांपैकी सुमारे १४ टक्क्यांत शिक्षा आणि ४३ टक्क्यांत निर्दोष मुक्तता दिसते. निकालाला सरासरी ५१० दिवस लागतात. कायद्याच्या कलम ३५ मध्ये अपेक्षा वर्षभराची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं दोषसिद्धीचं प्रमाण याहून बरंच जास्त दिसतं. कुणीही खोटं बोलत नाही, भाजक वेगळा आहे. विधी सेंटरने दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झालेल्या प्रकरणांसकट सगळी निकाली प्रकरणं मोजली, गुन्हे नोंद विभागाने फक्त खटला पूर्ण झालेली. दोन्ही आकडे एकाच वाक्यात जोडणाऱ्याला खंडनात पकडा.

"२०१९ मध्ये शिक्षा वाढली आणि गुन्हे वाढले किंवा घटले" हे वाक्य कुणाच्याच भाषणात नको. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे शाळा बंद, कोर्टं अर्धवट चालू. त्या काळाची तुलना कशाशीच होत नाही. शिवाय नोंद वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं नव्हे. "फाशीमुळे आरोपी बालकाला मारून टाकतील" हा तर्क आहे, आकड्यांनी सिद्ध झालेला नाही. मांडायचा तर तर्क म्हणूनच मांडा.

परदेशी उदाहरणं जपून. अमेरिकेत किमान शिक्षेमुळे सगळी ताकद सरकारी वकिलाच्या हातात जाते, कारण तो कमी गुन्हा कबूल करायला लावतो. आपल्याकडे सात वर्षांवरच्या आणि स्त्री-बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांत असा सौदाच करता येत नाही, त्यामुळे तो युक्तिवाद जसाच्या तसा आणला की हसं होतं. कॅनडा जास्त उपयोगी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ ला बालकांची अश्लील चित्रं बाळगण्याची एक वर्षाची किमान शिक्षा ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरवली. त्याच न्यायालयाने २०२० च्या फ्रीसेन निकालात, बालकांवरच्या गुन्ह्यांत शिक्षा वाढल्या पाहिजेत असंही बजावलं होतं. किमान आकडा न लिहिता शिक्षा कडक करता येतात, याचा नमुना म्हणून ही जोडी ठेवा. भारतातलं घटनात्मक उदाहरण हवं तर मिठू विरुद्ध पंजाब, १९८३: सक्तीची फाशी रद्द. पण तो फाशीचा निकाल आहे, वीस वर्षांच्या कैदेला तो आपोआप लागत नाही.

सात मिनिटं

मराठीत मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या वर गेलात की कलमांचे आकडे परीक्षकांच्या कानावरून जातात. म्हणजे हातात साधारण ८०० शब्द. पहिली ४० सेकंद ठरावाचा अर्थ आणि मर्यादा. पुढचं दीड मिनिट कलमांची शिडी. चारही नको, तुमच्या युक्तिवादाला लागणारी दोनच. साडेतीन मिनिटांत दोन युक्तिवाद, प्रत्येकी एक निकाल आणि एक आकडा. तिसरा युक्तिवाद खंडनासाठी राखून ठेवा. उरलेला वेळ मॉडेल किंवा त्यातल्या भोकांना. घंटा सहाव्या मिनिटाला वाजते, त्यावेळी नवा निकाल काढणारा वक्ता अर्ध्यात अडकतोच.

खंडनात समोरच्याचं वाक्य शक्यतो त्याच्याच शब्दांत म्हणा आणि मग तोडा. "माझे प्रतिस्पर्धी बलात्काऱ्यांची बाजू घेतात" असलं वाक्य आलं तर परीक्षकांनी सरळ गुण कापावेत, तसं नियमपत्रिकेत लिहून ठेवावं.

सभागृह

पॉक्सोचे खटले कलम ३७ नुसार बंद दालनात चालतात, त्यामुळे "कोर्टात जाऊन बघून येऊ" हा बेत सोडा. उच्च न्यायालयाच्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळांवरचे निकाल वाचा. त्यांत कुठे मुलाचं नाव, शाळा किंवा पत्ता राहून गेला असेल तर टिपणं वाटताना खोडा. ओळख उघड करणं कलम २३ खाली गुन्हा आहे आणि गंमत म्हणजे त्यालाही किमान शिक्षा आहे, सहा महिने. बदलापूरचं ऑगस्ट २०२४ चं प्रकरण कुणी ना कुणी काढणारच. काढा, पण शाळेचं किंवा मुलींचं काहीही न सांगता. तिथे लोक रुळांवर उतरले फाशीच्या मागणीसाठी, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा प्रश्न होता गुन्हा नोंदवायला झालेल्या विलंबाचा. ठरावाच्या बाजूचा वक्ता ही फट दाखवू शकतो.

कृत्याचं वर्णन करायचं नाही, कलमाचं नाव पुरे. सुरुवातीला विषय जाहीर करून कुणालाही उठून जाता येईल असं सांगा आणि दार उघडं ठेवा. कार्यक्रमानंतर एखाद्या अल्पवयीन श्रोत्याने स्वतःबद्दल काही सांगितलं, तर ऐकणाऱ्याला कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला तर वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. कोणता शिक्षक जबाबदार हे आधी ठरवा, चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर व्यासपीठावरून सांगा.

प्रेक्षकांतून एक प्रश्न नक्की येतो: "तुमच्या बहिणीच्या बाबतीत झालं असतं तर?" ठरावाच्या बाजूच्या वक्त्याने चिडू नये, माफीही मागू नये. उत्तर तीस सेकंदांचं ठेवावं: "तर मला शिक्षा हवी असती. आणि शिक्षा मिळायला आधी आरोपी दोषी ठरावा लागतो. निकाली निघालेल्या शंभर प्रकरणांत तो चौदा वेळाच ठरतो." विरोधातल्या वक्त्याला लगेच पुरवणी विचारता यावी म्हणून सूत्रसंचालकाने इथे एक मिनिट राखून ठेवावं. त्याने विचारायचं ते असं: किमान शिक्षा कमी केल्याने चौदाचे पंधरा होतात, हे दाखवणारा भारतातला एक तरी अभ्यास तुमच्याकडे आहे?